सोमीची उजवी बाजू

विलास, तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात तुझ्या फोटोशेजारी पडदा लावला होता आणि त्यावर सोमी फिरत होती.

तुला ते आवडलं असतं की नाही, मला ठरवता येत नाही. तुमच्या संग्रहाचे सर मुंबईहून आले, येताना प्रोजेक्टर घेऊन आले. म्हणाले, "विलासरावांचं सगळ्यात देखणं काम लोकांनी बघायला हवं." त्रिसरण झालं, पंचशील झालं, भाषणं झाली, आणि तेवढा सगळा वेळ ती स्वतःभोवती सावकाश फिरत राहिली. समोरून, मग डावा गाल, मग पाठमोरी, मग उजवा गाल, पुन्हा समोर. तुमच्या वाशिंदच्या बायका आधी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनाही सवय झाली. ताटं वाढली तरी ती थांबली नाही, कारण तिला थांबवायचं कसं हे सरांनाही ठाऊक नव्हतं. एका कवटीसमोर एवढी माणसं वरणभात जेवत होती.

चौथं शील म्हणताना, खोटं बोलणार नाही असं सगळ्यांच्या सुरात म्हणताना, मी पडद्याकडे बघितलं आणि मध्येच थांबले. सुनंदाने माझा हात धरला. तुझ्या बायकोला वाटलं, मला तुझी आठवण आली. आठवण आलीच होती, पण ती मुरबाडच्या एसटी स्टँडवरची.

आपण शाळेत एका वर्गात होतो, पण बोलायला लागलो दोघंही रिटायर झाल्यावर. तू आयुष्यभर मुंबईच्या त्या संग्रहातली, जुन्या हाडांची कपाटं सांभाळलीस, मी शहापूरच्या कॉलेजातली पुस्तकांची. एक दिवस तू माझ्या दारात उभा राहिलास.

"काय गो ग्रंथपाल, मराठी येतं ना अजून?"

"तुझ्यापेक्षा बरं येतं."

"मग मला मजकूर लिहून दे. साधा. चौथीतल्या पोराला कळंल असा."

"कशाबद्दल?"

"मेलेल्या माणसांबद्दल."

संग्रहात जुन्या कवट्या होत्या. अभ्यासाला येणारा प्रत्येक जण त्या हातात घ्यायचा आणि दरवेळी त्यांचं काहीतरी झिजायचं. म्हणून त्या स्कॅन करून ठेवायच्या, आणि पुढे ज्याला हवं त्याने पडद्यावर बोटाने फिरवून बघायच्या, जवळ आणायच्या, मापं घ्यायची. माझा मजकूर त्यांच्याखाली जायचा. रिटायर झाल्यावरही त्यांनी तुला त्या कामासाठी बोलावून घेतलं होतं. मी एकदाच ते बघायला आले. काळ्या कापडापुढे फिरती थाळी, थाळीवर वाळूची चुंबळ, चुंबळीवर कवटी. तिच्यावरून उजेडाच्या पट्ट्या सरकायच्या. तू थाळी जराशी फिरवायचास, हात मागे घ्यायचास, पुन्हा पट्ट्या. एकदा सरळ ठेवून, एकदा उलटी ठेवून. नंतर घरी बसून ते सगळे तुकडे एकमेकांना जुळवायचास. तू कधी 'कवटी' म्हटलं नाहीस. "ही बाई जरा हट्टी आहे," "ह्या बाबाची दाढ बघ," असंच बोलायचास. फाइल बंद करण्याआधी चेहरा समोर आणून ठेवायचास. मी विचारलं तर म्हणालास, "पाठ करून झोपवू नये माणसाला."

बघायचं कसं तेही तूच शिकवलंस. पडद्यावर उजेडही फिरवता येतो. "समोरून उजेड टाकलास तर सगळे सारखे दिसतात. आडवा टाक. संध्याकाळचं शेत बघतेस ना, बांध कसे उठून दिसतात? तसं." आणि हाड तुटलं कधी, ते ओळखायचं कसं, हेही. ओला बांबू मोडला की मोड तिरका जातो, चोयट्या, म्हणजे चिरलेल्या सालीच्या पट्ट्या, आतल्या बाजूला लटकत राहतात. सुका बांबू कट्कन सरळ मोडतो. हाडाचंही तसंच. जिवंत माणसाचं हाड ओलं असतं. पुरून वर्षं गेली की सुकतं. शिवाय नंतरच्या मोडीचा रंग फिकट राहतो, आधीची मोड बाकीच्या हाडाइतकीच काळपटते. हे तू मला तुझ्या वाशिंदच्या घरात चहा पिता पिता सांगितलंस. सांगितलं नसतंस तर बरं झालं असतं, असं आता मनात येतं. मग लाज वाटते.

सोमी मुरबाडच्या डोंगराखालच्या एका पाड्यावरची. काळू नदीने काठ खाल्ला तेव्हा तिथल्या जुन्या, माणसं पुरायच्या जागेतून हाडं उघडी पडली होती, आणि पाहणीला आलेल्या कोणी प्राध्यापकांनी ती कुदळीने सोडवून नेली. खोक्यावर फक्त पाड्याचं नाव आणि 'स्त्री, तरुण' एवढंच. तू म्हणालास, पडद्यावरचं मॉडेल लोकांपुढे ठेवण्याआधी पाड्यावर जाऊन विचारायला हवं. वरून कोणी तुला तसं सांगितलं नव्हतं. ते तुझं तू ठरवलंस, आणि त्याबद्दल मी तुला शेवटपर्यंत मानेन.

पण तू तिथे तुटकी सोमी नेली नाहीस. तिचं उजवं गालाचं हाड नव्हतं आणि उजव्या कानाच्या मागे, वरच्या अंगाला, भोक होतं. डाव्या बाजूचा आरसा करून तू तो उजवीकडे बसवलास. चेहरा पूर्ण झाला. मी म्हटलं, "तुटलेली आहे तशीच दाखव ना."

"म्हाताऱ्या माणसांना बघवत नाय गो."

मग मजकूर तू सांगितलास आणि मी लिहिला: 'उजव्या बाजूचा काही भाग खोदकामात तुटला होता. तो डाव्या बाजूवरून पूर्ण केला आहे.' वाक्य साधं होतं, चौथीतल्या पोराला कळेल असं. ते माझं आहे. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात आहे.

बुधी आजी ओट्यावर बसली होती. पाड्यावर त्या वयाची तीच एक उरलेली. तू टॅब तिच्या मांडीवर ठेवलास आणि कसं फिरवायचं ते दाखवलंस. तिने एक बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"हाताला ऊन नाय लागत," ती म्हणाली.

"काच आहे आजी."

मग तिने पुन्हा बोट लावलं आणि चेहरा स्वतःकडे वळवला. वरच्या ओळीत एक दात दुसऱ्यावर चढलेला होता. ती किती तरी वेळ त्या दाताकडे बघत राहिली. मग तिने ओठ वर करून आपल्याला दाखवला. तिचेही मोजकेच दात उरले होते, पण तो होता. तसाच, चढलेला.

"ही माझी आय हाय."

तू सांगितलंस की नक्की म्हणता येणार नाही, असे दात पुष्कळांचे असतात. ती हसली. "तुला नाय येत म्हनता. मला येतं." आईचं नाव सोमी; ती लाकडाची मोळी आणताना कड्यावरून पडली, हे आजीला लहानपणापासून सांगितलेलं. तेव्हा आजी सहा-सात वर्षांची होती. बाप त्याआधीच गेलेला. आई गेल्यावर बापाचं भाताचं शेत चुलत्याकडे गेलं, आणि चुलत्यानेच तिला वाढवलं, लग्न लावून दिलं. नवरा वारल्यावर ती परत इथेच आली. आता त्या चुलत्याचा मुलगा रघुनाथ शेजारच्याच घरात राहतो. आपण बसलो होतो तेवढ्यात रघुनाथच्या सुनेने आजीपुढे ताट आणून ठेवलं. भात, सुकटीचं कालवण, एक कांदा. आजी जेवता जेवता बोलत राहिली.

"पडली तवा लागलं व्हतं का तिला लय?" तिने विचारलं.

तू लगेच म्हणालास, "नाय आजी. तुटलंय ते नंतर, खणताना. कुदळ लागली."

"मंग बरं. दाखवा लोकांना. माझी आय चांगली व्हती दिसायला."

परत येताना मुरबाडच्या स्टँडवर शहापूरची गाडी लागायची होती. मी म्हटलं, विलास, गालाची मोड फिकट आहे, कुदळीचीच असेल. पण मागचं भोक काळं आहे. तू सुरुवातीला घाईत दाखवलं होतंस तेव्हा मी बघितलंय. त्याची कड तिरकी आहे.

"कुदळच आहे."

"तूच शिकवलंस मला."

"अर्धंच शिकवलं. कुदळ आहे, सोड." मग, तेवढ्यात लागलेल्या गाडीकडे बघत, "आजी जेवली कुणाच्या घरचं, बघितलंस?"

मला वाटलं, तू विषय बदलतोयस. मी चिडले. म्हटलं, जेवणाचा इथे काय संबंध? गाडीत आपण पुढे-मागे बसलो, शेजारी नाही. शहापूर येईपर्यंत मला तुझी मान दिसत होती. मी त्यानंतर दोन आठवडे तुला फोन केला नाही. तूही केला नाहीस. तिसऱ्या आठवड्यात सुनंदाचा आला. दुपारी जेवून तू खुर्चीत बसलास आणि उठला नाहीस.

पुण्यानुमोदन झाल्यावर माणसं पांगली तेव्हा तिने तुझा लॅपटॉप माझ्या हातात दिला. "यांनी याच्यात काय काय ठेवलंय, मला उघडायला भ्या वाटतं. तुमी बघा. सर म्हणतात, ती बाई यांच्या नावानं सगळ्यांसाठी खुली करायची. तुमी मजकूर वाचून घ्या म्हणे एकदा."

मी पाच दिवस तो उघडला नाही. उघडला तेव्हा दुपार होती. दार लावून घेतलं नव्हतं, बाहेर भाजीवाला ओरडत होता. तू नंतर सोमीचं नाव दिलेल्या दोन फाइली होत्या. एक पूर्ण, एक तुटकी. मी तुटकी उघडली. मला वाटलं, तू ठेवतोस तसा चेहरा समोर येईल.

ती पाठमोरी आली. तू बंद केलीस तेव्हा होती तशीच. मागून, उजवीकडून, खूप जवळून. पडद्यावर फक्त भोक होतं आणि उजेड आडवा टाकलेला होता. तुझ्या हातून चेहरा समोर आणायचा राहिला, असं एवढ्या वर्षांत फक्त एकदा झालं. निदान मला तरी असंच मानायचं आहे.

त्या प्रोग्राममध्ये बघण्याच्या जागा खुणा करून ठेवता येतात, त्यांच्यापुढे तारखा येतात. तू नऊ खुणा केल्या होत्यास. नऊच्या नऊ त्या भोकाच्या. आतून, बाहेरून, कडेवरून, मापपट्टी लावून. आपण पाड्यावर गेलो त्याच्या कितीतरी आधीच्या. कड तिरकी होती, आतला काठ बाहेरच्यापेक्षा मोठा, आणि एक चोयटी आत वाकून तशीच राहिलेली. ओला बांबू. भोक काडेपेटीएवढं, आणि त्याची एक बाजू सरळ. पट्टीने आखावी इतकी सरळ.

मग मला तुझा ताटाचा प्रश्न कळला. शेत ज्याच्याकडे गेलं, त्याच्याच घरातून ते ताट येत होतं. तुला सगळं ठाऊक होतं. हाडाने सांगितलं तेही आणि पाड्यावर कोण कोणाला जेवू घालतं तेही. मी त्या ओट्यावर एक तास बसले आणि मला फक्त दात दिसला.

विलास, इथून पुढचं मी तुझ्याशी भांडत भांडतच लिहिते आहे. तू असतास तर म्हणाला असतास, पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट, मारणारा असलाच तर मातीत गेला, म्हातारीचे चार दिवस उरलेत, तिचा रोजचा भात कशाला काढतेस? मी त्याला उत्तर तयार केलं. ते मी आंघोळ करताना म्हटलं, तांदूळ निवडताना म्हटलं. तिने आईला दाखवायला परवानगी दिली ती कुणाला? तुझ्या आरशाला. ती चांगली दिसणारी उजवी बाजू सोमीची नव्हतीच. तिच्या बाबतीत जे घडलं त्याची खूण जगात एकाच ठिकाणी होती आणि आपण दोघांनी ती बुजवली. तू बोटाने, मी वाक्याने. आता ते वाक्य तुझ्या नावाखाली लोकांपुढे जाणार होतं.

मी सरांना फोन करून सांगितलं, मजकूर बदलते आहे, थांबा. कारण सांगितलं नाही. आधी आजीला सांगायला हवं होतं.

मागच्या गुरुवारी मी एकटीच गेले. टॅबमध्ये तुटकी फाइल घेतली होती. आजी ओट्यावरच होती. "तो नाय आला, दुसरा?" तिने विचारलं. मी तू गेल्याचं सांगितलं. तिने हातातली कांद्याची पात खाली ठेवली आणि म्हणाली, "चांगला व्हता. खोटं गोड बोलायचा."

मी विचारलं, म्हणजे?

"बोलला ना, नंतर तुटली. असं पटकन कोन बोलतं? डाक्टर बोलतो तसा बोलला."

मी टॅब उघडला. मी ठरवून गेले होते की हाडात आहे तेवढंच सांगायचं, त्याच्या पलीकडे एक शब्द नाही. म्हटलं, आजी, गालाचं कुदळीने तुटलं, ते खरं. हे मागचं कुदळीचं नाही. हे ती गेली तेव्हाचं आहे. पडून की कशाने, ते हाड सांगत नाही.

तिने बोट लावलं. आता तिला फिरवता येत होतं. समोरून बघितलं, मग दात, मग हळूहळू मागे. उजेड मी आडवाच ठेवला होता.

"ही एवढीच व्हती का? खरी?"

मी पडद्यावर खरं माप लावलं. सोमी तिच्या खऱ्या आकाराची झाली, आजीच्या दोन तळव्यांत मावेल एवढी. आजीने आपली दोन बोटं एकमेकांना चिकटवून भोकावर ठेवली. मग सरळ कडेवरून एक बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा.

"दगुड असा सरळ नसतो," ती म्हणाली.

तिथे माझं धैर्य संपलं होतं.

रघुनाथची सून ताट घेऊन आली. तीच सून, तसंच ताट. हसून म्हणाली, "मॅडम, तुमीपन घ्या ना थोडं." आजीने तिच्याकडे बघितलं नाही. "ठेव तिकडं," म्हणाली. तिने ठेवलं. आम्ही तशाच बसलो. कोंबड्या आल्या. आजीने त्यांना हाकललं नाही. मी उठून हाकलणार होते, तर तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो दाब अजून जात नाही. भात संपेपर्यंत आम्ही दोघी बघत होतो.

निघताना मी विचारलं, आजी, लोकांना दाखवू की नको? ती म्हणाली, "आता तर दाखवाच." मी नवा मजकूर लिहून सरांना पाठवला आहे. तुझं नाव त्यावर ठेवलं आहे, कारण भोकाची मापं तुझीच आहेत, आणि ती अचूक आहेत. आरशाची उजवी बाजू काढून टाकली.

काल रघुनाथचा फोन आला. नंबर आपणच दिला होता त्याला, तू चिठ्ठीवर लिहून.

"मॅडम, तुमी म्हातारीला काय दाखवलंत?" आवाज रागाचा नव्हता. घाबरलेला होता. "चार दिस झालं, आमच्या घरचं खात नाय. पानीसुदा घेत नाय. माझी सून रडतं. काय बोलली का ती आमच्याबद्दल? आमी काय केलं तिचं?"

त्याने काहीच केलेलं नाही, विलास. तो तर जन्मला होता की नाही कोण जाणे. तो एवढी वर्षं तिला जेवू घालतोय, आणि मी त्याच्या घरात काय सोडून आले ते त्याला माहीतही नाही. तू हेच म्हणाला होतास, स्टँडवर, गाडीकडे बघत. मी म्हटलं होतं, जेवणाचा इथे काय संबंध.

मी त्याला म्हटलं, उद्या येते, तुम्हालाही दाखवते. तो म्हणाला, "दाखवाच." तिच्यासारखंच म्हणाला. तो तिच्याच घरातला.

म्हणजे उद्या सकाळी मी पुन्हा त्या ओट्यावर बसणार, आणि त्याच्या बापाच्या पिढीचं जे काही आहे ते त्याच्या हातात देणार. तो आजीला आणखी जवळ घेईल की दोन घरांमधलं कुंपण उंच करील, मला ठाऊक नाही. मी चुकले असेन तर कुठे, स्टँडवर, लॅपटॉप उघडताना, की गुरुवारी, तेही ठरवता येत नाही. तुझं खोटं मला अजून पटलेलं नाही. पण ते तू कुणासाठी बोललास, हे कळायला मला तुझं मरण लागलं, आणि त्याबद्दल मी तुझी माफी मागते. समोर बसून मागायची होती.

आज कोणी मला अडवत नाही. सर म्हणतात, चांगलं केलंत. सुनंदा म्हणते, यांना पटलं असतं. विलास, तुला पटलं नसतं. तू दारात आडवा उभा राहिला असतास, म्हणाला असतास, "जाऊ नको गो, ऐक माझं," आणि मी ऐकलं नसतं, तुझ्या हाताखालून वाकून गेले असते. जाणार मी उद्याही आहेच. फक्त दार मोकळं आहे, आणि मला ते सोसत नाही.